बेटाचं पाणी, विहिरीतला डास आणि मीरा-भाईंदर

या मालिकेत आपण आतापर्यंत किल्ले पाहिले, बंदरं पाहिली, मिठागरं पाहिली. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. आज आपण पाण्याचा आणि तापाचा इतिहास पाहणार आहोत. दोन्ही एकत्रच पाहायचे आहेत, कारण आपण जिथे राहतो तिथे ते वेगळे काढताच येत नाहीत.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करू. मीरा-भाईंदर हे शहर बेटावर आहे. हे वाक्य ऐकून आजही पुष्कळ लोक थबकतात. पण नकाशा समोर ठेवा. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, आणि पूर्वेला डोंगर ओलांडून गेलं की ठाण्याची खाडी. भाईंदरहून नायगावला जाताना आपली लोकल पाणजू बेटावरून दोन पूल पार करते, तेव्हा आपण साष्टी सोडून मुख्य भूमीवर जात असतो. साष्टी म्हणजे सहासष्ट गावांचं बेट, अशी या नावाची फोड सांगतात. गोव्यातही एक साष्टी आहे, ती वेगळी. आपली साष्टी म्हणजे वांद्र्यापासून घोडबंदरपर्यंतची आणि ठाण्यापासून उत्तनपर्यंतची.

आता बेट म्हटलं की पहिला प्रश्न पाण्याचा येतो. चहूबाजूंनी पाणी, पण प्यायला कुठलं? पाऊस भरपूर आहे. वर्षाला सव्वादोन-अडीच हजार मिलिमीटर पडतो. पण तो चार महिन्यांत पडून जातो आणि उतारावरून बघता बघता खाडीला मिळतो. उरलेले आठ महिने साठवलेल्या पाण्यावर काढायचे. म्हणजे बेटावरचं माणसाचं राहणं हे पाणी साठवण्याच्या कलेवर उभं आहे.

याचा सगळ्यांत जुना पुरावा आपल्या शेजारीच आहे. कान्हेरीची लेणी आपण बुद्धमूर्ती आणि चैत्यगृहासाठी बघायला जातो. पुढच्या वेळी गेलात तर खाली बघा. शंभराहून अधिक लेणी आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांजवळ खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. डोंगरावरून ओघळणारं पाणी त्यांत यावं म्हणून पन्हळी कोरलेल्या आहेत. तिथल्या शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटलं आहे. कल्याणच्या, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दान दिलं ते लेण्यासाठी, आणि पोढीसाठीसुद्धा. पाणी साठवण्याची सोय करून देणं हे पुण्य होतं, आणि ते दगडावर कोरून ठेवण्याइतकं मोठं होतं. गावागावांतल्या विहिरी आणि तळी हीच रीत पुढे चालवत आली. खाडीपलीकडे वसईत तर गोड्या पाण्याच्या बावखलांना आजही नावानं ओळखतात.

आता आपण एकोणिसाव्या शतकात येऊ. मुंबईचं शहर वाढलं होतं, पण त्याचं पाणी विहिरींचं आणि तळ्यांचंच होतं. १८५४ साली टंचाईनं शहराचे हाल झाले. मग हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याची योजना हाती घेण्यात आली आणि १८६० साली विहारचा तलाव पुरा झाला. पाठोपाठ १८७९ साली तुळशी झाला. हे दोन्ही तलाव कुठे आहेत? साष्टीत. म्हणजे दक्षिणेकडच्या शहराची तहान भागवायला आपल्या बेटाच्या मधल्या डोंगरातलं पाणी गेलं. नळ दक्षिणेकडे वळले. डोंगराच्या उत्तरेकडची घोडबंदर, काशी, मीरे, राई, मुर्धे, उत्तन ही गावं विहिरींवरच राहिली. पुढे १८९२ साली तानसाचं पाणी आलं, ते थेट मुख्य भूमीवरून. तेव्हापासून बेटाची तहान बेटाबाहेरच्या पाण्यावर भागते आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आता तापाकडे वळू. हिवताप आपल्याकडे जुनाच. थंडी वाजून ताप यायचा, एक दिवसाआड यायचा, आणि बरेच दिवस राहिला की पोटात डाव्या बाजूला गोळा लागायचा. त्याला आपल्याकडे पाणथरी म्हणत, म्हणजे वाढलेली प्लीहा. हा ताप दलदलीच्या वाईट हवेनं येतो अशी जगभर समजूत होती. मलेरिया या शब्दाचा अर्थच वाईट हवा असा आहे. १८९७ साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात या रोगाचे जंतू पाहिले आणि चित्र पालटलं. प्रश्न आता हवेचा राहिला नाही. तो झाला: कुठला डास, आणि तो कुठल्या पाण्यात वाढतो?

या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा विदर्भात आहे. १९०१ साली विल्यम ग्लेन लिस्टन या वैद्यकीय अधिकाऱ्यानं एलिचपूरला, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरला, डासाच्या एका जातीचं शास्त्रीय वर्णन केलं. तिचं नाव ॲनॉफिलिस स्टीफेन्सी. हेच लिस्टन पुढे मुंबईत आले आणि प्लेगच्या संशोधनात उंदरावरच्या पिसवांचा माग काढणाऱ्यांत ते होते. परळच्या ज्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केलं, तिलाच आपण आज हाफकिन संस्था म्हणून ओळखतो.

स्टीफेन्सीची खोड अशी की तिला गटार नको, घाण नको. तिला स्वच्छ, स्थिर, सावलीतलं पाणी लागतं. विहीर लागते, हौद लागतो, टाकी लागते. म्हणजे माणसानं निगुतीनं साठवलेलं पाणीच तिचं घर. बेटावरच्या माणसाची जी सगळ्यांत मोठी गरज, तीच या डासाची गरज. या एका वाक्यात आजचं व्याख्यान आहे म्हणा ना.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईत अलेक्झांड्रा गोदीचं बांधकाम चालू होतं, आणि कोट भागात हिवतापानं उचल खाल्ली. डॉ. चार्ल्स बेंटली यांना तपास करायला सांगितलं गेलं. त्यांचा अहवाल १९११ साली प्रसिद्ध झाला. पद्धत साधी पण चिवट होती. शाळेतल्या मुलांच्या पोटाला हात लावून किती जणांची पाणथरी वाढली आहे ते मोजायचं, आणि त्याच भागातली विहीर न् विहीर, हौद न् हौद तपासायचा. दोन्ही आकडे शेजारी मांडले की उत्तर दिसतं. मुंबईच्या हिवतापाला दलदल नव्हे, तर प्रामुख्यानं घरांमधल्या विहिरी आणि टाक्यांत वाढणारी स्टीफेन्सी जबाबदार आहे, असं त्यांनी दाखवलं. उपायही सांगितला: विहिरी बुजवा, नाहीतर डास आत जाणार नाही अशा बेतानं पक्क्या झाका.

शास्त्र म्हणून हे काम उत्तम होतं. पण अहवाल पुरा झाला की काम संपतं असं नाही. विहिरी बंद करण्याच्या नोटिसा निघाल्या आणि विरोध सुरू झाला. पारशी मंडळी म्हणाली की विहिरीच्या पाण्यावर सूर्याची किरणं पडली पाहिजेत, नाहीतर ते धर्मकृत्याला चालत नाही. हिंदू आणि जैन घरांतूनही पूजेच्या पाण्याचा प्रश्न आला. शिवाय विहिरीत देव असतो, तिच्यावर दिवा लावायचा, नारळ ठेवायचा, ती बुजवली तर घरावर अरिष्ट येतं, ही भावना तर सगळ्याच समाजांत होती. शेवटी काही ठिकाणी बारीक जाळीची, उघडता येणारी झाकणं लावायची अशी तडजोड निघाली.

इथे एक माणूस आपल्या कामाचा आहे. त्यांचं नाव रुस्तम मसानी. ते मुंबई महापालिकेत अधिकारी होते, पुढे महापालिकेचे पहिले भारतीय आयुक्त झाले. विहिरी बंद करण्याच्या कामात लोक काय बोलतात ते त्यांच्या कानावर येत होतं. दुसरा एखादा अधिकारी ‘अडाणी लोक’ म्हणून मोकळा झाला असता. मसानींनी त्या समजुती टिपून घेतल्या, इतर देशांतल्या जलपूजेशी ताडून पाहिल्या, आणि १९१८ साली विहिरींच्या लोकसमजुतींवर एक पुस्तकच लिहिलं. म्हणजे बघा, आरोग्याच्या तपासातून समाजाचा अभ्यास जन्माला आला. आज आपण पर्यावरण, आरोग्य आणि समाज असे संशोधनाचे तीन कप्पे करतो. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या एका विहिरीच्या काठावर हे तिन्ही एकत्र उभे होते.

मात्र एक गोष्ट अहवालात ठळक दिसत नाही, ती आपण पाहिली पाहिजे. मुंबईत विहिरी बंद करता आल्या त्या कशाच्या जोरावर? विहार, तुळशी आणि तानसाच्या नळाच्या जोरावर. घरात नळ होता म्हणून विहिरीवर झाकण बसवा असं म्हणता आलं. ज्या घरात नळ नाही, त्या घराला तेच सांगणं म्हणजे आरोग्याचा सल्ला राहत नाही, ती शिक्षा होते. क्रम महत्त्वाचा आहे: आधी नळ, मग झाकण.

हा क्रम चुकला किंवा विसरला की काय होतं? दोष माणसावर येतो. याचं उदाहरण बघायला आपल्याला हिंदी महासागरातल्या दुसऱ्या एका बेटावर जावं लागेल, आणि तिथेही मराठी माणूस भेटेल. ते बेट म्हणजे मॉरिशस. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर भारतातून करारानं मजूर नेले गेले. त्यांत रत्नागिरीकडचे, कोकणातले मराठी लोकही होते आणि त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. मॉरिशसमध्ये आधी हिवताप जवळजवळ नव्हता. १८६० च्या दशकात तो आला आणि १८६६-६७ च्या साथीत हजारो माणसं मेली. राजधानी पोर्ट लुईस ओस पडली. मेलेल्यांत मोठा भरणा मजुरांचाच होता, आणि रोग आणल्याचं बोट रोखलं गेलं तेही त्यांच्याकडेच. पण जहाजांतून माणसं कोणी आणली, मळ्यांसाठी जंगल कोणी तोडलं, मजुरांना दलदलीच्या कडेला वस्ती कोणी दिली, हे प्रश्न फारसे विचारले गेले नाहीत.

१९०७-०८ मध्ये स्वतः रोनाल्ड रॉस मॉरिशसला गेले. त्यांनीही मुलांच्या पाणथऱ्या मोजल्या आणि पाण्याचा निचरा करण्याचा कार्यक्रम आखून दिला. तरी त्या बेटाला हिवतापमुक्त म्हणून मान्यता मिळायला १९७३ साल उजाडलं. दोनच वर्षांनी मोठं चक्रीवादळ झालं आणि ताप परत आला. पुन्हा घालवायला आणखी वीसेक वर्षं गेली. बेटावर रोग हटवणं सोपं, कारण हद्द स्पष्ट असते. पण हद्दीवरचा पहारा सुटला की तो परत येतो.

आपल्या देशातही तेच झालं. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, डीडीटीची फवारणी झाली, आणि १९६१ च्या सुमारास देशातले रुग्ण पन्नास हजारांच्या आसपास आले. हिवताप गेला असं लोक म्हणू लागले. १९७६ साली तोच आकडा ६४ लाखांवर होता. शहरातला हिवताप वेगळा आहे, हे ओळखून १९७१ साली नागरी हिवताप योजना सुरू करावी लागली. तिचा रोख पुन्हा बेंटलींच्याच मुद्द्यावर: घरातलं साठवलेलं पाणी.

आता आपण आपल्या दारात येऊ. १९८५ साली इथल्या ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली आणि २००२ साली महानगरपालिका झाली. जनगणनेचे आकडे बघा. १९९१ साली लोकसंख्या १ लाख ७५ हजार. २००१ साली ५ लाख २० हजार. २०११ साली ८ लाख ९ हजार. वीस वर्षांत साडेचार पटींहून जास्त. आणि या शहराच्या हद्दीत स्वतःचं धरण नाही. पाणी येतं ते उल्हास खोऱ्यातून, शहाड-टेमघरच्या योजनेतून आणि औद्योगिक विकास महामंडळाकडून.

पाणी अपुरं असेल तर माणूस काय करतो? साठवतो. इमारतीखाली टाकी, गच्चीवर टाकी, मोरीत पिंप, गॅलरीत बादल्या. चाळीत आणि झोपडपट्टीत घराबाहेर निळी पिंपं. बांधकामाच्या जागेवर सिमेंट मुरवायला साठवलेलं पाणी. गावची विहीर गेली, पण विहिरीचं काम या टाक्यांनी उचललं, आणि विहिरीतला डास त्यांच्यात राहायला आला. सोबतीला डेंग्यूचा एडीस आला. त्यालाही असंच पाणी आवडतं.

आरोग्य खात्याचा सल्ला आपल्याला पाठ आहे. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करा, घासा, पालथी घाला. सल्ला अगदी बरोबर आहे. पण जिच्या घरी पाणी कधी येईल आणि किती दाबानं येईल याचा भरवसा नाही, त्या बाईनं भरलेलं पिंप ओतून द्यायचं कसं? तिला डासाची माहिती नाही असं नाही. तिच्यापुढे दोन धोके आहेत. एक आज संध्याकाळी पाणी नसण्याचा, आणि दुसरा दहा दिवसांनी डास होण्याचा. ती जवळचा धोका आधी टाळते. तिच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं. तरी साथ आली की दंडाची नोटीस तिच्या दारावर लागते, किंवा बांधकामावरच्या परप्रांतीय मजुराकडे बोट जातं. म्हणजे मॉरिशसचीच गोष्ट.

दुसरा मुद्दा खाडीचा. बेंटली मुंबईहून बंगालमध्ये गेले आणि तिथे त्यांनी १९२५ साली हिवताप आणि शेती यांवर ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं असं की रेल्वेचे आणि रस्त्यांचे बांध घालून नद्यांच्या पुराची नैसर्गिक वाट अडवली, त्यामुळे जमीनही नापीक झाली आणि तापही वाढला. हे आपल्या खाजणांना लावून पाहा. भरती-ओहोटीचं पाणी ये-जा करत असतं तिथे डबकं साचत नाही. मिठागराचा आगरी माणूस बांध आणि उघडी सांभाळून हेच करत होता, पाणी कधी आत घ्यायचं आणि कधी सोडायचं याचा हिशेब त्याच्या डोक्यात होता. त्या जागी राडारोडा टाकून भराव केला की पावसाचं पाणी अडतं. तिवरांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयानं २००५ साली तोडीवर आणि भरावावर बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात ती पक्की केली. आपण ते पर्यावरणाचं प्रकरण म्हणून वाचतो. ते आरोग्याचंही प्रकरण आहे.

हे सगळं जुनं झालं असं कोणाला वाटत असेल, तर जगाकडे बघा. आपली ही स्टीफेन्सी २०१२ साली आफ्रिकेत जिबुतीला आढळली, मग इथिओपियात. आफ्रिकेतला हिवताप मुख्यतः खेड्यांतला आणि पावसाळ्यातला. हा डास टाक्यांत वाढतो, म्हणून आता शहरात आणि कोरड्या दिवसांतही साथ येऊ लागली. श्रीलंकेला २०१६ साली हिवतापमुक्त म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, आणि लगेच पुढच्या काळात मन्नार बेटावरच्या विहिरींत हाच डास सापडला. तिथले शास्त्रज्ञ आज जी विहिरींची मोजणी करतात, ती मुंबईत १९११ पूर्वी होऊन गेली आहे. अचलपूरला नाव मिळालेल्या डासाचा अभ्यास आता जगाला करावा लागतो आहे, आणि त्याच्याशी सगळ्यांत जुनी शहरी ओळख आपली आहे.

मग आपण काय करायचं? आम्हाला तीन गोष्टी सुचतात.

पहिली. आपल्या शहरात ताप मोजला जातो आणि पाणीही मोजलं जातं, पण ते दोन आकडे शेजारी ठेवून पाहायला हवेत. कुठल्या प्रभागात किती तासांनी पाणी येतं आणि त्याच प्रभागात हिवताप-डेंग्यूचे रुग्ण किती, ही दोन रकान्यांची वही कोणतीही सोसायटी, कोणतंही कॉलेज ठेवू शकतं. बेंटलींनी याहून वेगळं काही केलं नव्हतं.

दुसरी. ती वही भरताना मसानींसारखं ऐकायचं. पिंप का झाकत नाही, असं दरडावून विचारण्याआधी पाणी कधी येतं ते विचारायचं. राई-मुर्ध्याच्या आणि उत्तनच्या जुन्या माणसांना कुठली विहीर गोडी होती, कुठली कधी बुजली, हे ठाऊक आहे. ती माहिती त्यांच्याबरोबर जाण्याआधी लिहून घ्यायला हवी.

तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड. आपल्या शहरासाठी सूर्या प्रकल्पातून दिवसाला २१८ दशलक्ष लिटर पाण्याची तरतूद झाली आहे. ते आलं की टाक्यांवर झाकण बसवा असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला येईल, कारण नळ आधी आलेला असेल. पण सूर्याचं धरण मुळात पालघर-डहाणूकडच्या शेतीला पाणी देण्यासाठी बांधलं गेलं, आणि तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी हे पाणी शहराकडे वळवायला विरोध केला आहे. १८६० साली साष्टीचं पाणी दक्षिणेकडे गेलं तेव्हा उत्तरेकडची गावं विहिरींवर राहिली होती. आज नळाच्या या टोकाला आपण आहोत. उद्या त्या टोकाच्या पाड्यावर पिंपं भरून ठेवायची वेळ आली, तर आपला डास आपण तिकडे धाडला असं होईल. म्हणून पाणी मागताना आपल्या गच्चीवरचं पावसाचं पाणी, आपल्या बुजत चाललेल्या विहिरी आणि आपली गळती यांचा हिशेब आधी मांडला पाहिजे.

कान्हेरीच्या डोंगरावर ज्यांनी पोढी खोदली, त्यांनी पाणी दुसऱ्यासाठी साठवलं आणि दगडावर तसं लिहून ठेवलं. बेटावर राहायचं तर हा हिशेब सुटत नाही. पुढच्या व्याख्यानात आपण प्लेगच्या साथीत साष्टीच्या गावांनी काय केलं ते पाहू. तोवर प्रत्येकानं आपल्या इमारतीच्या टाकीचं झाकण एकदा उघडून पाहावं, आणि पाहून झालं की नीट घट्ट लावावं.